लहान कुत्र्याचे यकृत: संशय, तपासण्या आणि सांभाळ

यकृताचा आजार कुत्र्यात उशिरा दिसतो. या अवयवाकडे राखीव ताकद भरपूर असते. निम्म्याहून जास्त पेशी निकामी झाल्या तरी उरलेल्या पेशी काम ओढून नेतात आणि कुत्रा खात-पीत, खेळत राहतो. अन्नातून आलेली साखर साठवणे, रक्तातले अल्ब्युमिन आणि रक्त गोठवणारे घटक बनवणे, पित्त तयार करणे, आतड्यातून येणाऱ्या अमोनियाचे युरियात रूपांतर करणे, औषधांचा निचरा करणे अशी अनेक कामे एकाच ठिकाणी होतात. त्यामुळे यकृत थकले की लक्षणे एका जागी न दिसता शरीरभर विखुरतात. भूक कमी होणे, अधूनमधून उलटी, वजन घटणे, पाणी जास्त पिणे, लघवी वाढणे, सुस्ती यांतले एकही लक्षण केवळ यकृताचे नाही. ‘लिव्हर खराब आहे’ हे वाक्य म्हणूनच निदान ठरत नाही. यकृताला नेमके काय झाले आहे, हा प्रश्न तिथून सुरू होतो.

पॉमेरिअन, शिह त्झू, पग, ल्हासा अप्सो, यॉर्कशायर टेरिअर, माल्टीज, डॅशहुंड यांसारख्या लहान जातींत हा प्रश्न दोन कारणांनी वेगळा ठरतो. पहिले कारण शरीराचे आकारमान. तीन किलोच्या कुत्र्याचे तीनशे ग्रॅम वजन कमी झाले तर शरीराचा दहावा भाग गेलेला असतो, पण दाट केसांखाली ते डोळ्यांना कळत नाही. साखरेचा साठाही तुटपुंजा असल्याने उपाशी राहिलेले छोटे पिल्लू काही तासांत गळून पडू शकते. दुसरे कारण जन्मजात दोषांचे. यकृताला वळसा घालून जाणारी रक्तवाहिनी, जिला पशुवैद्यक ‘शंट’ म्हणतात, ती लहान जातींत बहुधा यकृताच्या बाहेर असते, तर मोठ्या जातींत यकृताच्या आत. शस्त्रक्रियेच्या दृष्टीने बाहेरची वाहिनी सहसा सोपी जाते.

कावीळ ओळखायची तर डोळ्यांचा पांढरा भाग, हिरड्या, कानाची आतली बाजू आणि पोटाची केसविरहित त्वचा दिवसाच्या उजेडात पाहावी. ट्यूबलाइट किंवा पिवळ्या दिव्याखाली रंगाचा अंदाज चुकतो. लघवी गडद नारिंगी किंवा चहासारखी होणे ही त्वचेच्या पिवळेपणाआधीची खूण असू शकते. विष्ठा राखाडी-पांढरी पडली तर पित्त आतड्यात उतरतच नसल्याची शंका घ्यावी. काळी, डांबरासारखी विष्ठा म्हणजे जठरात किंवा आतड्याच्या वरच्या भागात रक्तस्राव. पोट फुगलेले आणि पाठीचा कणा हाताला टोचणारा, अशी जोडी दिसली तर तो लठ्ठपणा नसून पोटात पाणी साठले असण्याची शक्यता मोठी.

पशुवैद्यकाकडे जाताना घरच्यांनी लिहून नेलेली माहिती पुष्कळदा पहिल्या रक्ततपासणीइतकीच उपयोगी ठरते. लक्षणे कधी सुरू झाली, जेवणानंतर वाढतात का, गेल्या दोन महिन्यांत कोणती औषधे दिली, गोचीड दिसले होते का, लसी कधी झाल्या, कुत्रा बागेत काय चघळतो, हे तारखांसह नोंदवावे. कानातले थेंब, डोळ्यांतले थेंब आणि खाजेसाठीचे मलम बहुतेक जण औषधांत मोजत नाहीत. ते मोजले पाहिजेत, कारण त्यांतले स्टिरॉइड लहान शरीरात रक्ततपासणीचे आकडे बदलण्याइतके शोषले जाते. कुत्रा भिंतीकडे तोंड करून उभा राहतो, गोल फिरतो किंवा जेवणानंतर झिंगल्यासारखा होतो, असे काही दिसले तर मोबाइलवर चित्रण करून ठेवावे. दवाखान्यात पोहोचेपर्यंत ते लक्षण बहुधा ओसरलेले असते.

पहिल्या रक्ततपासणीत एएलटी, एएसटी, एएलपी आणि जीजीटी ही एन्झाइमे येतात. यांना सर्रास ‘लिव्हर फंक्शन टेस्ट’ म्हटले जाते आणि गैरसमजाची सुरुवात इथेच होते. एएलटी यकृताच्या पेशीला इजा झाली की रक्तात सांडते. ती इजा सांगते, यकृत काम किती करते हे सांगत नाही. एएलटी खूप वाढलेली असूनही यकृत पूर्ववत होऊ शकते. उलट यकृत आक्रसून तंतुमय झाले असेल तर सांडायला पेशीच फारशा उरलेल्या नसतात आणि आकडा जवळजवळ सामान्य दिसतो. आकडा मोठा म्हणजे आजार मोठा, हे समीकरण धरू नये.

एएलपीच्या बाबतीत तर आणखी सांभाळून वाचावे लागते. वाढत्या पिल्लांत ती हाडांमुळे जास्त असते. कुत्र्यांत स्टिरॉइडमुळे तयार होणारा एएलपीचा एक खास प्रकार आहे. त्यामुळे प्रेडनिसोलोन घेणाऱ्या किंवा शरीरातच कॉर्टिसोल जास्त बनवणाऱ्या, म्हणजे कुशिंग आजार असलेल्या कुत्र्यात ती अनेक पटींनी वाढते. फिटसाठी दिले जाणारे फेनोबार्बिटोनही ती वाढवते. मधुमेह, दातांचा जुना संसर्ग, आतड्याची सूज, स्वादुपिंडाचा दाह यांचे पडसादही यकृतावर उमटतात. लहान जातींत दातांवर कीटण आणि हिरड्यांचा संसर्ग फार आढळतो, तेव्हा तोंड उघडून पाहिल्याशिवाय यकृताची तपासणी पूर्ण मानू नये. कुत्रा ठणठणीत असून एएलटी थोडीशीच वाढलेली असेल, तर शक्य ती संशयित औषधे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने थांबवून काही आठवड्यांनी तीच तपासणी पुन्हा करणे रास्त असते. मात्र आकडा वाढलेलाच राहिला तर पुढे शोध घ्यायलाच हवा. दर वेळी यकृताचे टॉनिक बदलून वर्ष घालवणे हा सगळ्यांत महागात पडणारा मार्ग आहे, कारण सुधारता येण्याजोगा काळ त्यातच निघून जातो.

यकृताच्या कामाचा खरा अंदाज दुसऱ्याच आकड्यांतून येतो. अल्ब्युमिन, युरिया, कोलेस्टेरॉल आणि साखर या चार गोष्टी कमी होत असतील आणि बिलिरुबिन वाढत असेल, तर यकृत कामात मागे पडले आहे असे समजावे. चारही एकदम कमी असणे हे एखाद्या फुगलेल्या एन्झाइमपेक्षा गंभीर. सोबत रक्तपेशींची पूर्ण गणना आणि लघवीची तपासणी हवीच. तांबड्या पेशी नेहमीपेक्षा लहान असणे आणि लघवीत अमोनियम बाययुरेटचे खडे दिसणे ही शंटकडे बोट दाखवणारी जुनी, विश्वासार्ह चिन्हे आहेत. दाट लघवीत बिलिरुबिनचा किंचित अंश मात्र निरोगी कुत्र्यातही, विशेषतः नरात, सापडतो.

कावीळ झालेल्या कुत्र्यात दोष यकृताचाच असेल असे नाही. तांबड्या पेशी फार वेगाने फुटत असतील तरी बिलिरुबिन वाढते. गोचीडताप आपल्याकडे नित्याचा असल्याने हा फरक आधी करावा लागतो. बबेसिया हा परजीवी तांबड्या पेशी फोडतो, एर्लिकिया प्लेटलेट उतरवतो. पिवळ्या कुत्र्याच्या हिरड्या फिकट असतील आणि हिमोग्लोबिन घसरलेले असेल, तर रक्ताचा नमुना काचपट्टीवर पाहून आणि गोचीडतापाची चाचणी करून मगच यकृताकडे वळावे. तिसरी शक्यता पित्तनलिका तुंबण्याची, जी स्वादुपिंडाच्या दाहात किंवा पित्ताशयाच्या विकारात संभवते.

पावसाळ्यात, साचलेले पाणी आणि उंदीर जिथे आहेत तिथे, लेप्टोस्पायरोसिसचा विचार केलाच पाहिजे. ताप, उलट्या, अंगदुखी, कावीळ आणि मूत्रपिंड बिघडल्याची चिन्हे एकत्र आली तर निकालाची वाट न पाहता प्रतिजैविक सुरू केले जाते. हा आजार माणसालाही होतो. अशा कुत्र्याची लघवी हातमोजे घालूनच जंतुनाशकाने पुसावी, मुलांना दूर ठेवावे आणि घरात कोणाला ताप आल्यास आपल्या डॉक्टरांना कुत्र्याच्या आजाराची माहिती द्यावी. प्रतिबंधक लस उपलब्ध आहे. तिचे संरक्षण दीर्घकाळ टिकत नसल्याने ती दरवर्षी द्यावी लागते.

अचानक आजारी पडलेल्या आणि एएलटी आभाळाला भिडलेल्या कुत्र्यात विषबाधेचा शोध घ्यावा. अंगणात आणि सोसायट्यांच्या बागेत शोभेसाठी लावलेला सायकस, ज्याला सागो पाम म्हणतात, त्याच्या बिया सर्वांत घातक, पण झाडाचा प्रत्येक भाग विषारी असतो. साखरविरहित च्युइंगगममधले झायलिटॉल आधी रक्तातली साखर झपाट्याने उतरवते आणि नंतर यकृत निकामी करू शकते. बुरशी धरलेले शेंगदाणे आणि मका यांतले अफ्लाटॉक्सिन यकृतावरच घाव घालते, म्हणून माणसाने टाकून दिलेले कुबट दाणे कुत्र्याला घालू नयेत. ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी देणे लहान कुत्र्यात जिवावर बेतते. काय खाल्ले याची शंका असेल तर वेष्टन किंवा झाडाचा तुकडा सोबत न्यावा.

ही कारणे बाजूला झाली आणि कावीळ नसेल, तर पित्ताम्लांची चाचणी करतात. बारा तास उपाशी ठेवून एक नमुना, मग थोडे स्निग्ध अन्न देऊन दोन तासांनी दुसरा. पित्ताम्ले आतड्यातून परत यकृतात येतात आणि निरोगी यकृत ती रक्तातून उचलून घेते. जेवणानंतरचा आकडा लिटरमागे २५ मायक्रोमोलच्या वर गेला तर यकृताचे काम किंवा रक्ताची वाट यांत बिघाड असण्याचा संशय बळावतो. प्रयोगशाळेनुसार मर्यादा थोडी बदलते. माल्टीज जातीत निरोगी कुत्र्यांचेही आकडे चढे येऊ शकतात. बिलिरुबिन आधीच वाढलेले असेल तर ही चाचणी नवे काही सांगत नाही आणि तिचा खर्च टाळावा. दोन किलोच्या आतल्या पिल्लाला घरी बारा तास उपाशी ठेवू नये, त्याची वेळ पशुवैद्यकाने ठरवावी. अमोनियाची तपासणी उपयुक्त असते, पण नमुना बर्फावर ठेवून लगेच तपासला नाही तर आकडा खोटा वाढतो, म्हणून ती यंत्र जवळ असेल तिथेच करावी.

सोनोग्राफीत यकृताचा आकार, गाठी, पित्ताशय, पोटातले पाणी आणि अनुभवी हाताला वळसा घेणारी वाहिनी दिसते. सोनोग्राफीत यकृत स्वच्छ दिसले म्हणून ते निरोगी ठरत नाही. जुना दाह पडद्यावर अगदी सामान्य वाटू शकतो. मध्यम वयानंतरच्या पॉमेरिअन, कॉकर स्पॅनियल, मिनिएचर श्नाउझर अशा जातींत पित्ताशयात घट्ट चिकट श्लेष्मा साठून त्याचा गोळा बनतो आणि सोनोग्राफीत तो चिरलेल्या किवी फळासारखा दिसतो. याला म्युकोसील म्हणतात. लक्षणे असलेल्या कुत्र्यात पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया हाच सहसा उपाय, आणि ते फुटण्याआधी केलेल्या शस्त्रक्रियेत धोका बराच कमी असतो.

शंटचा विचार पिल्लूपणातच व्हायला हवा. भावंडांपेक्षा लहान राहिलेले, खाण्यात नखरे करणारे, जेवणानंतर तास-दोन तासांत मलूल होणारे, नसबंदीनंतर भुलीतून फार उशिरा जागे झालेले, किंवा लहान वयातच मूतखडा झालेले कुत्रे, ही त्याची नेहमीची चित्रे. आतड्यातले रक्त यकृतात न जाता थेट मोठ्या शिरेत मिसळते, अमोनियासारखी द्रव्ये मेंदूपर्यंत पोहोचतात आणि रक्तपुरवठ्याअभावी यकृत लहानच राहते. पक्क्या निदानासाठी सीटी अँजिओग्राफी सर्वोत्तम. शस्त्रक्रियेत वाहिनी एकदम बांधत नाहीत, कारण सगळे रक्त अचानक त्या छोट्या यकृतात लोटले तर दाब धोकादायक वाढतो. केसिनची आतील बाजू असलेले अमेरॉइड नावाचे कडे किंवा सेलोफेनची पट्टी वाहिनीभोवती बसवतात आणि वाहिनी काही आठवड्यांत हळूहळू मिटते. त्याआधी आहार आणि औषधांनी कुत्र्याला स्थिर करणे आवश्यक. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत झटके येण्याचा धोका असल्याने निरीक्षणाची सोय असलेलेच रुग्णालय निवडावे. महाराष्ट्रात परळ, शिरवळ, नागपूर, परभणी आणि उदगीर येथे शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. गावातल्या पशुवैद्यकाने दिलेले पत्र आणि सगळे जुने अहवाल घेऊन तिथे सल्ला मागता येतो. पित्ताम्ले वाढलेली पण वाहिनी सापडत नाही, अशा काही कुत्र्यांत यकृतातल्या सूक्ष्म शिरांचीच वाढ अपुरी असते. त्यावर शस्त्रक्रिया नाही, आणि बहुतेकांना तिची गरजही पडत नाही.

प्रौढ कुत्र्यात एएलटी महिनोन्महिने वाढलेली राहिली तर दीर्घकालीन यकृतदाहाचा संशय येतो आणि त्याचे निदान यकृताच्या तुकड्याशिवाय होत नाही. सुईने काढलेल्या पेशींवरून कर्करोगाचे काही प्रकार किंवा चरबी साठणे कळते, दाह आणि तंतुमयता कळत नाही. बायोप्सीचे नाव ऐकून घरचे घाबरतात, ते स्वाभाविक आहे. प्लेटलेट आणि रक्त गोठण्याचा वेळ तपासून, गरज असल्यास व्हिटॅमिन के देऊन ती केली जाते. तुकड्यातले तांबे मोजून घेण्याचा आग्रह धरावा. काही कुत्र्यांत यकृतात तांबे साचते आणि तेच दाहाचे मूळ असते. त्यांना पेनिसिलामाइन देऊन तांबे बाहेर काढता येते, पण आधी मोजलेच नाही तर हा उपचार सुचतही नाही. तुकड्यात जंतुसंसर्ग नसून प्रतिकारशक्तीमुळे झालेला दाह दिसला तर प्रेडनिसोलोनसारखी औषधे देतात. निदानाआधीच स्टिरॉइडचे इंजेक्शन देण्याची सवय मात्र घातक. चार दिवस भूक वाढते, घरच्यांना बरे वाटते आणि रक्ताचे आकडे, दाहाचे चित्र, संसर्गाची लक्षणे सगळेच झाकले जाते.

आधाराची औषधे कारणावरच्या उपचाराची जागा घेत नाहीत, पण त्यांना अर्थ आहे. उर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल पित्त पातळ वाहते ठेवते. दिवसाला किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम ही प्रचलित मात्रा आहे. माणसांची गोळी १५० किंवा ३०० मिलिग्रॅमची असते, म्हणजे तीन किलोच्या कुत्र्याला तिचा जेमतेम चौथा किंवा आठवा भाग लागतो. डोळ्यांच्या अंदाजाने तुकडे करण्यापेक्षा औषधविक्रेत्याकडून पातळ स्वरूपात करून घेणे बरे. पित्तनलिका पूर्ण बंद असताना हे औषध देत नाहीत. एस-ॲडेनोसिल मेथिओनिनच्या गोळ्यांवर जठरातल्या आम्लापासून वाचवणारे आवरण असते. त्या फोडू नयेत आणि रिकाम्या पोटी द्याव्यात. सिलिमारिन आणि व्हिटॅमिन ई ही सुरक्षित सोबत मानली जाते. भुईआवळ्याचे काढे किंवा माणसांची यकृताची सिरप द्यायचीच असतील तर पशुवैद्यकाला सांगून द्यावीत, त्यांत साखर, अल्कोहोल किंवा इतर वनस्पती काय आहेत हे तपासून.

आहाराबद्दल सगळ्यांत मोठी चूक म्हणजे यकृताचा आजार कळताच प्रथिने तोडणे. नुसता भात आणि ताक यांवर ठेवलेला कुत्रा स्नायू गमावतो, आणि अमोनियाचा काही निचरा स्नायूही करत असल्याने उलट त्रास वाढतो. मेंदूवर परिणामाची चिन्हे नसतील तर चांगल्या दर्जाची प्रथिने पुरेशी द्यावीत. चिन्हे असतील तर मांसाऐवजी अंडे, पनीर, सोया यांतून द्यावीत, कारण त्यांपासून होणारा त्रास कमी असतो. दिवसाचे अन्न चार ते सहा छोट्या वाट्यांत विभागावे आणि एक वाटा झोपण्याआधी ठेवावा. तीन किलोच्या कुत्र्याला केवळ विश्रांतीतही दिवसाला सुमारे १६० किलोकॅलरी लागतात. त्याहून कमी खात असेल तर मळमळ आणि भूक यांवरची औषधे लगेच मागावीत. उकडलेला भोपळा, मऊ भात, चांगले शिजवलेले अंडे हे अन्न बहुतेक कुत्री आनंदाने खातात, मात्र घरचा आहार महिनोन्महिने चालवायचा तर त्यात कॅल्शियम, जस्त आणि जीवनसत्त्वे मोजून घालून घ्यावी लागतात. ‘यकृताला यकृत’ या समजुतीने बोकडाची कलेजी खाऊ घालण्याची पद्धत आहे. कलेजीत तांबे भरपूर असते, म्हणून यकृतदाह असलेल्या कुत्र्याला ती देऊ नये. माणसांसाठी तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेले पाणीही त्याच कारणाने त्याच्या वाडग्यात ओतू नये. स्टीलचे किंवा चिनी मातीचे भांडे वापरावे.

मेंदूवर परिणाम झालेल्या कुत्र्यासाठी लॅक्ट्युलोज हे मुख्य औषध. ते मोठ्या आतड्यात आम्लता वाढवून अमोनिया तिथेच अडकवते आणि शौचावाटे बाहेर काढते. दिवसाला दोन-तीन मऊ शौच होतील इतकी मात्रा पशुवैद्यक ठरवतो. पातळ जुलाब होऊ लागले तर मात्रा जास्त आहे, आणि पाणी कमी झालेले शरीर पुन्हा मेंदूवरच्या परिणामाच्या झटक्याकडे ढकलले जाते. बद्धकोष्ठ, जठरातला रक्तस्राव, पोटॅशियम घटणे, झोपेची औषधे यांनीही झटका येऊ शकतो. मेट्रोनिडॅझोल दिले जाते, पण यकृत दुबळे असल्यास त्याची मात्रा कमी लागते. ती वाढली तर तोल जाणे, डोळे लटपटणे अशी लक्षणे येतात आणि ती आजाराचीच वाटतात.

फिट येणे, शुद्ध हरपणे, भिंतीला डोके टेकवून उभे राहणे, अचानक डोळ्यांना दिसेनासे होणे, काळी विष्ठा किंवा रक्ताची उलटी, कावीळ आणि सततच्या उलट्या, पोट झपाट्याने फुगणे यांत दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. प्रौढ कुत्र्याने पूर्ण दिवस आणि पिल्लाने काही तास अन्नाला तोंड लावले नाही तरी त्याच तातडीने जावे. थरथरणाऱ्या, ढिल्या पडलेल्या पिल्लाच्या हिरड्यांवर बोटाने मध किंवा ग्लुकोजचे पाणी चोळून निघावे. बेशुद्ध कुत्र्याच्या तोंडात काहीही ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते.

उपचार सुरू झाल्यावर दर आठवड्याला एकाच काट्यावर वजन आणि बरगड्यांमागे मोजपट्टीने पोटाचा घेर नोंदवावा. पाणी साठत असेल तर खारट बिस्किटे, पापड, वेफर्स बंद करावेत. त्यासाठी दिलेले स्पायरोनोलॅक्टोन सुरू असताना पोटॅशियम तपासत राहावे. रक्त पहिल्यांदा दोन ते चार आठवड्यांनी, नंतर आजाराप्रमाणे तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा तपासतात. दात साफ करण्यासाठी किंवा इतर कारणाने भूल द्यावी लागली तर आजाराची माहिती भूलतज्ज्ञाला आधी द्यावी, म्हणजे औषधांची निवड आणि मात्रा त्याप्रमाणे ठरते. जन्मजात शंट निघालेल्या कुत्र्याचे आणि त्याच्या आईवडिलांचे पुढे प्रजनन करू नये. पिल्लू विकणाऱ्याला हे निदान लेखी कळवावे आणि भावंडे जिथे गेली आहेत त्या घरांना पित्ताम्लांची चाचणी करून घ्यायला सांगावे.